पाऊसबागेत पाणी चार-चार दिवस तुंबतंय? वाळू आणण्याआधी पहार मारून बघा

तक्रार अशी असते: गच्चीचं पाणी अंगणातल्या पाऊसबागेत सोडलंय, खळगा नीट केलाय, झाडं लावलीत, आणि तरी जुलै उजाडला की तिथे डबकं होतं. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी पाणी हलत नाही. मोगरा कुजतो, डास होतात, घरातले बोलतात. मग उन्हाळ्यात काहीतरी डागडुजी करायची आणि पुढच्या जुलैत पुन्हा तेच.

आमच्याकडे हे ओळीनं तीन वर्षं झालं. घर पुण्यात, धायरीच्या उतारावर. मागे मुरमाची टेकडी आणि अंगणात बिल्डरनं ओतलेली काळी माती. तिसऱ्या वर्षी एका रात्री सासूबाईंनी मला हाताला धरून बाहेर नेलं आणि चहाच्या रंगाच्या त्या पाण्यावर टॉर्च मारला. "बघ, तुझी बाग वळवळतेय." खरंच वळवळत होती. अळ्याच अळ्या.

पाऊसबाग, म्हणजे रेन गार्डन, ही मुळात साधी गोष्ट. छपराचं आणि अंगणाचं पाणी गटारात पळवून न लावता एका उथळ खळग्यात थांबवायचं आणि जिरू द्यायचं. हल्ली ज्या रूपात ती करतात, ते रूप 1990 च्या सुमारास अमेरिकेत मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत आलं. तिकडे वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस पडतो, पण बारा महिन्यांत बऱ्यापैकी सारखा वाटून. आपल्याकडे पुण्यात सातशे-साडेसातशे मिलिमीटर, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये, आणि तोही फुगणाऱ्या काळ्या मातीवर. मी तिकडच्या सूचना जशाच्या तशा उतरवून काढल्या होत्या, हे माझं पहिलं चुकलं.

किती वेळ पाणी साचलं तर काळजी करायची?

आधी मोजा. बागेच्या सगळ्यात खोल जागी एक काठी रोवा आणि तिच्यावर सेंटीमीटरच्या खुणा करा. मी जुनी लाकडी पट्टी तारेनं काठीला बांधली होती. पाऊस थांबला की वेळ आणि पाणी लिहून ठेवायचं, मग दर सहा-आठ तासांनी पुन्हा.

चोवीस तासांत पाणी गेलं तर उत्तम. अठ्ठेचाळीस तासांत गेलं तरी चालेल. त्याहून जास्त वेळ लागला तर बागेत दोष आहे. ही मर्यादा डासांमुळे येते. डेंगी पसरवणारा एडिस डास उबदार हवेत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस घेतो. दोन दिवसांत पाणी आटलं तर अळ्या मधेच मरतात. मात्र एडिसची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात, तेव्हा "एकदा सुकवलं, झालं" असं होत नाही. दर पावसानंतर सुकायला हवं.

गप्पी मासे सोडायचा सल्ला आम्हालाही मिळाला. विहिरीला, हौदाला ठीक आहे. इथे मासे जगले तर बाग नापास, आणि बाग पास झाली तर मासे मेले.

पाणी अडतंय कुठे?

आता मुद्द्याचं. पाणी तुंबलं की सगळे एकच सांगतात, वाळू घाल. मीही दुसऱ्या वर्षी सहा घमेली घातली आणि बाग आणखी बिघडली, कारण पाणी कुठे अडतंय हे बघितलंच नव्हतं. ते वरच्या पापुद्र्यावर अडू शकतं, मधल्या भरावात अडू शकतं, तळाच्या मातीत अडू शकतं. चौथी शक्यताही आहे, की ते अडलेलं नसतंच, खालून वर आलेलं असतं. चारही वेळा वरून दिसतं एकच डबकं, आणि उपाय मात्र एकमेकांना अजिबात लागू पडत नाहीत.

यासाठी लागते फक्त पहार. पाणी साचलेलं असतानाच बागेत फळी टाका आणि तिच्यावर उभे राहा (ओल्या मातीत पाय देऊ नका, तुडवलेली माती पुन्हा वर्षभर पाणी पीत नाही). पहार सरळ खाली मारा, फूटभर, जरा हलवा, काढा. आणि बघत बसा.

आमच्याकडे गवंडीकाकांनी पहार काढली तेव्हा भोकातून गुडगुड आवाज आला आणि बुडबुडे वर आले. अर्ध्या तासात पाणी दोन बोटं उतरलं. काका म्हणाले, "ताई, खाली कोरडं हाय की! वरच बूच बसलंय."

म्हणजे चार दिवस पाणी वर उभं, आणि वीतभर खालची माती हवेनं भरलेली. खुरप्यानं वरचा थर उचलला तर तो बिस्किटासारखा अखंड निघाला. खाली तपकिरी गाळ, वर शेवाळ्याची हिरवी साय, एकूण जाडी अर्धा सेंटीमीटरही नसेल. एवढ्याशा पापडीनं हजार लिटर पाणी धरून ठेवलं होतं.

हा गाळ येतो गच्चीवरून. आठ महिने साठलेली धूळ, कबुतरांची घाण, शेजारी चाललेल्या बांधकामाची सिमेंटभुकटी, सगळं पहिल्या दोन पावसांत पाइपातून खाली. अंगणात मुरूम पसरलेला असेल तर तोही. उपाय असा: पाणी आटल्यावर, वरचं वाळलं की दोन-तीन सेंटीमीटर खरवडून टाकायचं आणि काट्यानं माती हलकेच उसकटायची. पण हे दरवर्षी करायचं नसेल तर गाळ बागेत शिरण्याआधी अडवा. पाइपाच्या तोंडाशी आम्ही दीड फूट लांब-रुंद आणि फूटभर खोल अशी विटांची गाळखड्डी केली. पाणी आधी तिच्यात पडतं, गाळ खाली बसतो, पाणी काठावरून दगडांवर आणि मग बागेत. तळाच्या दोन विटांमध्ये सांधा मोकळा ठेवलाय, म्हणजे खड्डी स्वतःच डासांचा हौद होत नाही. शिवाय उभ्या पाइपाला खाली एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि उघडणारं टोपण बसवलं. जूनमधल्या पहिल्या एक-दोन सरी त्यातून बाहेर जाऊ द्यायच्या, मग टोपण लावायचं. मेमध्ये गच्ची झाडून घेतली तर निम्मं काम तिथेच होतं, हे सांगायला मला कुणी भेटलं नाही.

आच्छादन म्हणून वाळका पाला किंवा नारळाच्या शेंड्या टाकू नका. पहिल्याच सरीला तरंगतात आणि पाणी बाहेर पडायच्या वाटेवर जाऊन अडकतात. सुपारीएवढे गोटे बरे.

पहार मारूनही पाणी हललं नाही तर

मग दोष मधल्या थरात किंवा तळात. आमच्याकडे पापडीखाली हे दोन्हीही निघाले. बाजूला एक खड्डा घेऊन कापलेली कड बघा, उघडं पडतं.

मधल्या थराची चूक बहुतेक वेळा आपण स्वतः विकत घेतलेली असते. माझी वाळू तशीच. काळ्या मातीचे कण इतके बारीक, की थोडी वाळू मिसळली तर ते वाळूच्या दाण्यांमधल्या फटी भरून टाकतात आणि वाळल्यावर वीट तयार होते. वाळूनं काम करायचं तर वाळूच जास्त हवी. आम्ही शेवटी मधला फूटभर थर काढून टाकला आणि तीन घमेली जाडी वाळू, एक घमेलं माती, एक घमेलं पूर्ण कुजलेलं कंपोस्ट या मापानं भरला. अर्धवट कुजलेलं खत नको, ते खाली चिखल होऊन बसतं.

नदीची वाळू आता परवडत नाही, म्हणून क्रश सँड येते. तिच्यात दगडाची भुकटी असते. पाण्याच्या बाटलीत मूठभर टाका, पाणी भरा, खळखळून हलवा, तासभर ठेवा. वाळूवर भुकटीचा बोटभर थर बसला तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका. प्लास्टरची वाळू तर नकोच.

आणखी एक समजूत म्हणजे "तळाला खडी टाकली की पाणी ओढलं जातं." नाही ओढलं जात. वरची बारीक माती पूर्ण भिजून तुडुंब झाल्याशिवाय पाणी खालच्या खडीत उतरतच नाही. आणि खडीखाली काळी माती असेल तर खडीत साठलेलं पाणी जाणार कुठे? खडी ही पाणी साठवायची जागा आहे, पाणी बाहेर जायची वाट नाही. खडी आणि मातीच्या मध्ये गोणपाट किंवा कापड अंथरलं असेल तर तेही बारीक गाळानं बुजतं. आमचं गोणपाट तिसऱ्या वर्षी डोश्यासारखं निघालं.

मे महिन्यात पास, जुलैत नापास

तळाची गोष्ट जरा सावकाश सांगते, कारण आमचा प्रश्न वर्षानुवर्षं परत येत होता तो इथूनच.

बाग करण्याआधी जमीन पाणी किती पिते हे बघायचं असतं, आणि ते मी बघितलं होतं. मे महिन्यात फूटभर खोल खड्डा घेतला, बादलीभर पाणी ओतलं, दहा मिनिटांत गायब. मी खूश. आठ इंच खोल बाग करायला हरकत नाही म्हटलं. पुढच्या मेमध्ये पुन्हा तीच परीक्षा घेतली, पुन्हा पास. म्हणजे जमीन चांगली आहे, दोष दुसरीकडे असणार, म्हणून वाळू घाल, झाडं बदल, पाइप बदल.

काळ्या मातीत शेती करणाऱ्या कुणालाही विचारलं असतं तर हसला असता. मेमध्ये या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या असतात. माझी बादली भेगांमध्ये गेली होती. मातीनं पाणी प्यायलंच नव्हतं. पावसाचे आठ-दहा दिवस झाले की हीच माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग ती शाडूच्या गोळ्यासारखी बसते.

तेव्हा परीक्षा घ्यायची ती जुलैत, सलग पाऊस होऊन गेल्यावर. उन्हाळ्यातच घ्यायची असेल तर खड्डा दोन दिवस सतत भरलेला ठेवा, भेगा मिटू द्या, मग शेवटचं पाणी भरून पट्टीनं मोजा. आमच्याकडे जुलैत तासाला 3 मिलिमीटर पाणी उतरत होतं.

आता हिशेब सोपा आहे. तासाला जेवढे मिलिमीटर, त्याला 36 नं गुणा, म्हणजे दीड दिवसात किती पाणी जिरेल ते कळतं. बागेत पाणी त्याहून फार खोल उभं राहता कामा नये. 3 गुणिले 36 म्हणजे 108 मिलिमीटर, चार इंचांच्या थोडं वर. माझी बाग आठ इंच, म्हणजे 200 मिलिमीटर. पापडी नसती, वर एकही नवी सर आली नसती, तरी ती रिकामी व्हायला 67 तास लागले असते. बाग पहिल्या दिवसापासून नापास होती.

तासाला 2 मिलिमीटरच्याही खाली आकडा आला तर नुसती उथळ करून भागणार नाही. तेव्हा दोन रस्ते. एक, तळाशी भोकांचा पाइप टाकून तो उताराकडे, उघड्यावर काढायचा. दुसरा, काळी माती पातळ असेल तर तिच्या पार खालच्या मुरमापर्यंत जायचं. आमच्याकडे आकडा 3 होता, तरी मुरूम अडीच फुटांवर लागला म्हणून कुंपणाचे खांब रोवायला वापरतात त्या गिरमिटानं तीन भोकं मारली, चार-चार इंचांची, आणि खडीनं भरली. मुरूम पाणी पटकन पितो. पण ही भोकं घराजवळ मारू नयेत, आणि गच्चीचं न गाळलेलं पाणी बोअरवेलच्या केसिंगशेजारी तर अजिबात सोडू नये.

जेसीबीनं खड्डा काढला असेल तर आणखी एक बघा. ओल्या काळ्या मातीवरून बकेट फिरली की तळ आणि कडा लादीसारख्या चकचकीत होतात. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागतं. त्यातून पाणी जात नाही. टिकावानं सगळीकडून खडबडीत करा, आणि मगच भराव टाका.

चौथी शक्यता, खालून येणाऱ्या पाण्याची, फार जणांच्या वाट्याला येत नाही, पण उताराच्या पायथ्याला घर असेल तर ऑगस्टनंतर येते. दख्खनच्या कातळावरचा मुरूम भरला की विहिरी काठोकाठ येतात, तसंच हे. ओळखायचं असं: पाऊस नसताना बादलीनं बाग उपसा. रात्रभरात पुन्हा भरली, तर ती बाग नाही, झरा आहे. तिथे कितीही खोदलं तरी उपयोग नाही, उलट वाढतं. जागा बदला, किंवा तिथे अळू लावून मोकळे व्हा.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या वाचकांना यातलं बरंचसं लागू नाही. जांभा पाणी धरून ठेवत नाही. तुमच्याकडे तुंबलं तर एकतर जांभ्याखालची पांढुरकी-गुलाबी चिकण माती वर आलीय, नाहीतर पावसाच्या मानानं बाग फार लहान आहे.

जास्तीचं पाणी

ठणठणीत बागही भरून वाहणारच. छपराच्या एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमच्या एका पाइपाला 37 चौरस मीटर गच्ची येते. 25 मिलिमीटर, म्हणजे इंचभर पाऊस झाला की 925 लिटर. आमची बाग दहा बाय आठ फुटांची आणि आता पाच इंच खोल, तीही साधारण एवढ्यानंच भरते. डोक्यात ठेवायला सोपं म्हणजे गच्चीच्या एक पंचमांश बाग आणि पाच इंच खोली, तर एका इंचाचा पाऊस मावतो. त्यावरचं पाणी कुठून जाणार हे आपण ठरवलं नाही तर पाणी ठरवतं. 25 सप्टेंबर 2019 ला पुण्यात आंबिल ओढा फुटून वाहिला, तसल्या रात्री अशा बागेचा निभाव लागायचा प्रश्नच नसतो, पण मे-ऑक्टोबरच्या वळवाच्या सरीही तासाभरात बाग भरून टाकतात.

म्हणून धरणाला असतो तसा सांडवा ठेवायचा. काठाचा एक हातभर भाग बाकीच्या काठापेक्षा दोन इंच खाली, दगड बसवून. पहिल्या वर्षी मी तो नजरेनं काढला आणि सगळं पाणी शेजाऱ्यांच्या पार्किंगमध्ये गेलं. त्यांच्या स्कूटरची चाकं चिखलात, आणि मी ढोकळा घेऊन माफी मागायला. दुसऱ्यांदा गवंडीकाकांनी लेव्हलची नळी लावली. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक जोत्यावर, एक टोक सांडव्यावर, दोन्हीकडची पाण्याची रेघ बघायची. सांडवा जोत्यापेक्षा चांगला फूटभर खाली हवा आणि पाणी रस्त्याच्या पावसाळी गटाराकडे जायला हवं. मैलापाण्याच्या चेंबरला जोडू नका, नाहीतर जोराच्या पावसात ते चेंबर तुमच्याच न्हाणीत उलटं येईल.

बाग घरापासून दहा फूट तरी लांब हवी. काळी माती फुगते-आक्रसते तेव्हा भिंतींना तडे देते, आणि पायाशेजारी तिला दर आठवड्याला पाणी पाजणं म्हणजे तड्यांना बोलावणं. जागा नसेल तर पागोळ्यांचं पाणी जमिनीखालून पाइपानं पुढे न्या. तेवढीही जागा नसेल तर पाऊसबागेचा हट्ट सोडून टाकी बसवलेली बरी.

झाडांबद्दल थोडक्यात. आमचा मोगरा आणि शेवंती मधोमध कुजली, ती काठावर हलवली. खोलगट जागी वाळा, कर्दळ आणि रेन लिली टिकल्या, काठावर निर्गुडी. मुख्य अडचण पावसाळ्याची नसून त्यानंतरच्या आठ कोरड्या महिन्यांची आहे, आणि वाळा दोन्ही सोसतो. त्याची मुळं सरळ खोल जातात, त्यामुळे माती मोकळीही राहते.

या जुलैची नोंद वहीत अशी आहे: संध्याकाळी सहाला पाऊस थांबला, काठीवर 11 सेंटीमीटर. दुसऱ्या दिवशी रात्री आठला कोरडं, फक्त गिरमिटाच्या मधल्या भोकाभोवती ताटाएवढा ओला गोल. सासूबाईंनी टॉर्च मारून खात्री करून घेतली. आता त्यांची तक्रार गोगलगायींची आहे, कर्दळीची पानं चाळणीसारखी झालीत म्हणून. आणि गाळखड्डी दर पंधरा दिवसांनी कोण उपसणार, यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.